शिडाच्या भाड्याच्या नौकेने सेशेल्स : आठवड्यात तीनच बेटे का पुरतात

उद्यमनगरी

नमस्कार. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरची तीन कुटुंबे, लहानमोठी मिळून आठ माणसे, हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाला जाऊन आलो. मुक्काम हॉटेलात नव्हता. माहे बेटालगतच्या ईडन आयलंड मरीनामधून आम्ही बेचाळीस फुटी शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन अंगांची जोडनौका, स्किपरसह, म्हणजे नौका चालवणाऱ्या कप्तानासह, सात दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि जेवण, झोप, अंघोळ, प्रवास सगळे तिच्यावरच केले. परत आल्यापासून सकाळी रंकाळ्यावर असो किंवा फौंड्रीत चहाच्या वेळी असो, प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, की किती बेटे झाली. माहे सोडून तीन, असे सांगितले की ऐकणाऱ्याची निराशा होते, कारण त्या देशात ११५ बेटे आहेत हे त्याने वाचलेले असते. आमचाही मूळ बेत सात बेटांचा होता आणि तो मीच आखला होता. तो तिसऱ्याच दिवशी का मोडला आणि मोडल्यामुळेच सहल कशी चांगली झाली, हे सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट अंतराची. माहेहून प्रालँ बेट साधारण २५ सागरी मैलांवर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे अंतर जवळजवळ कोल्हापूर ते सांगली एवढे भरते. सांगलीला आपण तास-सव्वा तासात पोहोचतो. शिडाची नौका पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी पाच-सहा सागरी मैल, वेगाने चालते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला चार-पाच तास लागतात, आणि नांगर उचलणे, शिडे चढवणे, उतरवणे, पुन्हा नांगर टाकणे हे धरले की दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. त्यातच करारात रात्री नौका चालवण्यास मनाई असते. विषुववृत्ताजवळ सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि आपल्याकडच्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ तिथे नसते. वीस-पंचवीस मिनिटांत काळोख पडतो. शिवाय प्रवाळाच्या पाण्यात शिरताना सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असावा लागतो, म्हणजे पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवट निळे म्हणजे तळाशी वाळू आणि तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. दुपारी तीननंतर समोरून ऊन आले की हे तिन्ही रंग एकाच चकाकीत बुडून जातात. याचा सरळ अर्थ असा, की रोज सकाळी निघून दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोहोचायचे. रोज नवे बेट धरले, तर बेट पाहायला वेळच उरत नाही. तुम्ही फक्त नांगर टाकता आणि उचलता.

आता नांगराविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा जीव नांगरात आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रालँच्या वायव्येला असलेल्या आन्स लाझियो या खाडीत शिरलो. आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ती खाडी बेटाच्या आडोशाला पडते, त्यामुळे आत पाणी शांत होते. स्किपरने नांगर सोडला, साखळी दिली आणि इंजिन हळू मागे घेतले. मग त्याने मला नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, बोलावून ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवायला सांगितले. हाताला बारीक खडखड लागली, जशी लेथवर हत्यार धातू कापण्याऐवजी नुसते घासू लागले की टूलपोस्टवर ठेवलेल्या बोटांना लागते. तीस वर्षे मशीनशॉपमध्ये काढलेल्या माणसाला ती भाषा समजावून सांगावी लागत नाही. नांगर मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांवरून फरफटत होता. त्याने तो उचलला, नौका चाळीस-पन्नास फूट बाजूला, फिकट पाण्यावर नेली आणि पुन्हा टाकला. या वेळी साखळी एकदा सैल पडली, मग ताणली आणि हाताखाली अगदी मुकी झाली. नाळ वाऱ्याकडे वळून स्थिर राहिली. तरीही तो पाण्यात उतरला, डोळ्यांना मास्क लावून नांगरापर्यंत पोहत गेला आणि त्याचे पाते वाळूत पूर्ण गाडले गेले आहे, हे स्वतः पाहून आला. त्या रात्री वारा वाढला, पण आम्ही सगळे झोपू शकलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुढे निघायच्या वेळी मी बेताचा कागद काढला, तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने विचारले, की आपण इथेच अजून एक दिवस का राहत नाही. कोणाकडेच त्याचे उत्तर नव्हते. आम्ही राहिलो. पुढचे दिवस प्रालँ, क्युरियज आणि ला दीग एवढ्यावरच काढले, आणि ही तिन्ही बेटे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत, की प्रालँहून ला दीगला जायला तासाभराच्या आसपास पुरतो. क्युरियजवर अल्दाब्रा जातीची महाकाय कासवे मोकळी फिरतात. तिथे मुलांनी अख्खी सकाळ घालवली. प्रालँवर व्हॅले द मे हे जंगल आहे, ज्याला १९८३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथली कोको द मेरची झाडे पाहताना माझ्या आईला आपल्याकडे फकिराच्या हातात दिसणारे काळे कशकूल, म्हणजे भिक्षेचे पात्र, आठवले. ते याच झाडाच्या कवटीचे असते. समुद्रात वाहत आलेल्या या फळाला आपल्या वैद्यांनी दर्याचा नारळ म्हटले, आणि त्याचे झाड कोणत्या बेटावर उगवते हे अठराव्या शतकापर्यंत बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते.

प्रश्न विचारावेत, मला माहीत आहे तेवढे सांगेन.

करवीरकन्या

दादा, फार मनापासून लिहिले आहे. आम्ही पुढच्या मे महिन्यात जाण्याचा विचार करत आहोत. माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना पोहता येत नाही आणि गगनबावड्याच्या घाटात त्यांना गाडीसुद्धा लागते. त्यांना सोबत नेणे योग्य होईल का? शिवाय आम्ही चौघे पूर्ण शाकाहारी आहोत. नौकेवर जेवणाची सोय कशी करतात, हेही कृपया लिहावे.

वैद्यराज_मंगळवारपेठ

ताई, बोट लागण्याविषयी मी लिहितो. आतल्या कानातील तोल सांगणारा अवयव शरीर हलते आहे असे सांगतो आणि केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे समोरची भिंत स्थिर आहे असे सांगतात. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळ सुरू होते. त्यामुळे सासूबाईंना नौका चालू असताना खाली केबिनमध्ये अजिबात बसू देऊ नका. डेकवर मधोमध, जिथे हेलकावा सर्वांत कमी असतो तिथे, नजर क्षितिजावर ठेवून बसवा. त्या वेळी वाचन आणि मोबाइल टाळावा. पोट रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. आलेपाक जवळ असू द्या, त्याचा अनेकांना उपयोग होतो. गोळी मात्र मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा होत नाही, ती निघण्याआधी घ्यावी लागते. आणि या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते, शिवाय काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्यांतल्या काही चालत नाहीत. अडुसष्टाव्या वर्षी रक्तदाबाची औषधे चालू असण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच गोळी ठरवावी आणि ती एकदा घरी घेऊन पाहावी.

उद्यमनगरी

डॉक्टरांनी सांगितले त्यात एवढीच भर घालतो, की एका अंगाची नौका वाऱ्याने एका बाजूला कलून चालते आणि ज्येष्ठांना तासन्‌तास तिरक्या जमिनीवर बसणे अवघड जाते. कॅटामरान जवळपास सपाट चालते. तिचा हेलकावा आखूड आणि झटक्याचा असतो, तो काही जणांना त्रास देतो, परंतु भांडी ओट्यावर राहतात आणि म्हातारी माणसे भिंत न धरता चालतात. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिला माहे-प्रालँ या एकाच टप्प्यात त्रास झाला. तीन बेटांच्या बेताचा हाही फायदा आहे, कारण मोकळ्या समुद्राचे लांब टप्पे फक्त दोन येतात, जाताना एक आणि येताना एक.

खरी काळजी घ्यायची ती नौकेवरून डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत, उतरताना. घसरणे, हाताचे बोट चेमटणे हे सगळे तिथेच होते. आमच्या स्किपरने पहिल्याच दिवशी सर्वांना शिकवले, की हात देताना बोटांना बोटे धरायची नाहीत; एकमेकांचे मनगट धरायचे. ओला हात बोटांतून निसटतो, मनगट निसटत नाही. पाऊल डिंगीच्या मधोमध टाकायचे, काठावर टाकायचे नाही, आणि टाकले की लगेच बसायचे. लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय आईला आम्ही कधीही डिंगीत घेतले नाही.

जेवणाचे म्हणाल, तर तांदूळ, डाळी आणि आपले मसाले व्हिक्टोरिया या राजधानीत मिळतात, कारण तिथे भारतीय वंशाची वस्ती जुनी आहे. नवशक्ती विनायगर मंदिरही तिथेच आहे. बाप्पाचे विसर्जन करून निघालेले आम्ही तिथे पुन्हा त्याच्याच पायाशी गेलो, त्याचे सर्वांना फार समाधान वाटले. ताज्या भाज्या आणि फळे इथून नेऊ नयेत, कारण त्या बेटांवर बाहेरची कीड येऊ नये म्हणून विमानतळावर कडक तपासणी असते. आम्ही नेला तो पाच लिटरचा कुकर आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कांदा-लसूण चटणी. कुकरमुळे गॅस आणि पाणी दोन्ही वाचते. चूल वापरून झाली, की प्रत्येक वेळी सिलिंडरची कळ बंद करावी लागते, कारण गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर नौकेच्या तळाशी साचून राहतो.

पाण्याचा हिशेब मात्र घरच्या बाईमाणसांनी आणि बाप्यांनी एकत्र बसून करावा. आमच्या नौकेच्या टाक्या सहाशे लिटरच्या होत्या. नऊ माणसे आणि सात दिवस, म्हणजे माणशी दिवसाला साडेनऊ लिटर. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा दिला, समुद्रात पोहून आल्यावर एक तांब्या गोडे पाणी अंगावर घेतले, पिण्याचे पाणी बाटल्यांचे वेगळे ठेवले, आणि तरीही पाचव्या दिवशी टाकी भरून घ्यावी लागली.

दर्यासारंग_कागल

मी मर्चंट नेव्हीत सव्वीस वर्षे होतो. धागालेखकांनी साखळीवर हात ठेवण्याचे लिहिले, ते वाचून आनंद झाला, कारण ही गोष्ट पुस्तकात सापडली तरी हाताला लागल्याशिवाय कळत नाही. त्यामागचे कारण सांगतो. नांगर त्याच्या वजनाने नौका धरतो अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे पाते तळात रुतते, आणि ते तेव्हाच रुतते जेव्हा ओढ तळाला समांतर असते. साखळी जड असल्यामुळे मधे झोळ पडतो, तिचा खालचा भाग वाळूवर लोळतो आणि नांगराला आडवी ओढ मिळते. साखळी कमी सोडली, की ओढ वरच्या दिशेने होते आणि तीच ओढ नांगराला उपटून काढते. शांत हवेत खोलीच्या निदान पाचपट आणि जोराच्या वाऱ्यात सातपट साखळी सोडावी, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे नवशिके एक चूक हमखास करतात. खोली म्हणजे आत्ताची खोली नव्हे. समजा पाणी सहा मीटर आहे, भरतीने ते दीड मीटर वाढणार आहे आणि नौकेची नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच आहे, तर हिशेब नऊ मीटरवर करायचा आणि साखळी पंचेचाळीस मीटर द्यायची. सहावर केला, तर तीसच दिली जाते, आणि मध्यरात्री भरती आली की नांगर सुटतो.

भरतीचा अंदाज तिथीवरून येतो, हे आपल्या कोकणातल्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. सेशेल्समध्ये उधाणालाही चढ-उतार साधारण दोन मीटरच्या आत असतो, मुंबईला तो चार मीटरच्या वर जातो. ज्या समुद्रात जाणार, तिथला तक्ता आधी पाहून ठेवावा.

आणखी एक सूचना. बंदरात शिरताना दिसणाऱ्या बोयांचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे, रंग जगभर एकसारखे नाहीत. भारत, सेशेल्स, थायलंड आणि ऑस्ट्रेलियात आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. कॅरिबियन बेटांत आणि सबंध अमेरिकेत तो उजव्या हाताला ठेवतात. इथे शिकून तिथे जाणाऱ्याने हे घोकून ठेवावे.

शाहूपुरी_ते_ब्रिस्बेन

माझे माहेर शाहूपुरीचे, गेली बारा वर्षे ब्रिस्बेनमध्ये आहे. लेख आवडला, पण स्किपर घ्यावाच असा जो सूर इथे लागतो आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. क्वीन्सलँडमधील व्हिट्संडे बेटांत आम्ही दोनदा बेअरबोट, म्हणजे स्किपरशिवाय, नौका घेतली आहे. ७४ बेटांचा हा समूह ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, ग्रेट बॅरियर रीफच्या आतल्या बाजूला आहे. तिथे अशा भाड्याच्या नौकेसाठी परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस काही तास तुमच्यासोबत फिरून नौका शिकवतो, तुम्हाला जमते आहे अशी खात्री करतो आणि मग उतरून जातो. त्यानंतर रोज सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळी रेडिओवर तुम्ही कुठे आहात आणि कुठे मुक्काम करणार हे कळवायचे, आणि दुपारी चारच्या आत नांगर टाकून किंवा बोयाला नौका बांधून थांबायचे. अनेक खाड्यांत प्रवाळ वाचवण्यासाठी सार्वजनिक बोये ठेवलेले आहेत, त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्यावरून तुमच्या लांबीची नौका बांधता येईल की नाही हे समजते. बाहेरच्या प्रवाळभिंतीकडे नौका नेण्याची परवानगी सहसा मिळत नाही, त्यामुळे तुम्ही बेटांच्या आडोशातच राहता.

स्किपर असला, की घरातली माणसे प्रवासी होऊन बसतात. आम्ही पहिल्या दिवशी मोठे शीड चढवताना वीस मिनिटे झगडलो, माझ्या यजमानांनी दोरी चुकीच्या बाजूने गुंडाळली आणि ती विंचवर, म्हणजे दोरी ताणण्याच्या चरकावर, अडकली, पण तिसऱ्या दिवशी व्हाइटहेवनच्या सात किलोमीटर पांढऱ्या वाळूसमोर नांगर टाकला, तेव्हा तो माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने टाकला होता. ते त्याच्यापासून कोणी घेऊ शकणार नाही. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिथे नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिश असतात, म्हणून पोहताना पूर्ण अंगाचा सूट घालावा लागतो, आणि साधारण याच महिन्यांत चक्रीवादळांचा हंगामही असतो.

उद्यमनगरी

ताई, आपल्या मुलाचा नांगर वाचून माझेच मन भरून आले. मी स्किपरचा आग्रह धरतो तो कोल्हापूरहून पहिल्यांदा, शीड कधीही न हाताळता जाणाऱ्यांसाठी. व्हिट्संडेमध्ये रोज दोनदा विचारपूस करणारा रेडिओ आहे, बोये आहेत, चारची मर्यादा आहे. म्हणजे स्किपर किनाऱ्यावर बसलेला आहे एवढेच. इतर ठिकाणी ही सगळी व्यवस्था असतेच असे नाही, आणि तिथल्या कंपन्या तुमचा पूर्वानुभव लेखी मागतात, तो अपुरा वाटला तर स्किपर घ्यायला लावतात. मात्र आपले एक म्हणणे मला शंभर टक्के पटते, की स्किपर घेतला तरी प्रवासी होऊन बसू नये. आम्ही पहिल्या संध्याकाळीच त्याला सांगितले, की प्रत्येक काम आमच्या हातून करून घ्या आणि चुकलो तर थांबवा. त्याने ते मनावर घेतले. परतीच्या टप्प्यात चार तास सुकाणू आमच्याकडेच होते.

गगनबावडेकर

वाऱ्याविषयी कोणीतरी लिहील म्हणून वाट पाहत होतो. धागालेखक ज्या आग्नेयेच्या वाऱ्याच्या आडोशाला थांबले होते, तो वारा आपल्या घरचाच आहे. मे ते ऑक्टोबर या काळात सेशेल्सवरून वाहणारे हे व्यापारी वारे उत्तरेकडे येतात, विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्य मोसमी वारे बनतात. अरबी समुद्रावरून बाष्प उचलून तेच सह्याद्रीवर आदळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या गावात समोरचे माणूस दिसू नये असा पाऊस लागतो आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, त्याच दिवसांत सेशेल्समध्ये हा वारा सर्वांत जोरावर असतो आणि समुद्र खडबडीत असतो. म्हणून करवीरकन्या ताईंनी मे महिना निवडला आहे तो चांगला आहे. वारा नुकता लागलेला असतो, जोर धरलेला नसतो. एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वारा पालटण्याचे दिवस आहेत, पाणी नितळ असते, पण शिडात वारा न भरल्याने पुष्कळदा इंजिनवर जावे लागते. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा असतो, तेव्हा आडोशाच्या खाड्या उलट्या बाजूच्या होतात आणि आन्स लाझियोसारख्या ठिकाणी लाटा आत येतात. माहे विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत असल्याने चक्रीवादळे सहसा तिथवर येत नाहीत, हा या बेटांचा मोठा गुण आहे.

उद्यमनगरी

हे मला ठाऊक नव्हते. आता एक गोष्ट उलगडली. माहेहून प्रालँ ईशान्येला आहे आणि वारा आग्नेयेचा, म्हणजे जाताना तो बरोबर उजव्या अंगावर आडवा होता आणि येताना डाव्या. आडव्या वाऱ्यावर शिडाची नौका सर्वांत सुखाने चालते, असे स्किपर म्हणाला होता. दोन्ही वेळा इंजिन बंद केल्यावर फक्त पाण्याचा सळसळ आवाज राहिला आणि आठही माणसे बराच वेळ काही बोलली नाहीत.

जोतिबा_पायथा

भूगोलाचा शिक्षक म्हणून थोडी भर घालतो. माहे, प्रालँ आणि ला दीग ही बेटे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटची आहेत आणि एके काळी ती भारताच्या भूखंडाला जोडलेली होती. आपला जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा ज्या लाव्हाच्या थरांनी बनले, तो लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा तुकडा सुटून मागे राहिला. ला दीगच्या किनाऱ्यावरचे गुळगुळीत प्रचंड खडक मुलांना दाखवताना हे जरूर सांगावे.

राजारामपुरी_१२

पैशांच्या बाबतीत सावध करण्यासाठी लिहितो. तीन वर्षांपूर्वी आम्ही फुकेतहून फांग-न्गा उपसागरात पाच दिवसांसाठी नौका घेतली होती. चुनखडीचे उभे सुळके, त्यांच्या पोटातील गुहा, सारे काही सुंदर होते आणि जानेवारीत समुद्र तळ्यासारखा होता. परत आल्यावर कंपनीने तळाला ओरखडा पडल्याचे सांगून अनामत रकमेचा मोठा भाग कापून घेतला. तो ओरखडा आमच्या आधीचा आहे अशी माझी खात्री होती, पण ताब्यात घेताना आम्ही एकही छायाचित्र काढले नव्हते आणि यादीवर न वाचता सही केली होती. वाद घालायला हातात काहीच नव्हते. तेव्हा नौका ताब्यात घेताना कितीही घाई असली, तरी दोन तास काढावेत. शिडे पूर्ण उघडून पाहावीत, डिंगीचे इंजिन चालू करून पाहावे, प्रत्येक ओरखड्याचे चित्रीकरण करावे आणि शक्य झाल्यास पाण्यात उतरून तळही पाहावा. अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, म्हणून कार्डची मर्यादा आणि परदेशी व्यवहारांची परवानगी निघण्यापूर्वी बँकेत तपासून घ्यावी.

उद्यमनगरी

आपले नुकसान झाले, त्यातून आम्हा सर्वांना शहाणपण मिळते आहे, त्याबद्दल आभार. खर्चाची मांडणी मी अशी करेन. नौकेचे भाडे हंगामानुसार आठवड्याला काही हजार युरो असते. त्यावर स्किपरचे दिवसाचे मानधन आणि त्याचे जेवण, डिझेल, सागरी उद्यानांचे शुल्क, शेवटची साफसफाई आणि अनामतीचा विमा हे सगळे वेगळे लागते. दरपत्रकात फक्त पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. आठ जणांत वाटल्यावर आम्हाला हा खर्च चांगल्या हॉटेलच्या आसपास आला, चौघांत वाटला असता तर परवडला नसता.

नवाखलाशी

मी चोवीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकी पूर्ण करून शिरोलीत नोकरी करतो. मला स्किपर घेऊन जायचे नाही, मला स्किपर व्हायचे आहे. कोल्हापुरात समुद्र नाही, तर सुरुवात कुठून करावी?

दर्यासारंग_कागल

बाळा, कोल्हापूरचा समुद्राशी संबंध नाही असे मनात आणू नकोस. १८१२ मध्ये इंग्रजांना द्यावे लागले तोपर्यंत मालवण बंदर करवीर संस्थानाकडे होते. आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या म्हादेई नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी कामगिरी करणारे पहिले भारतीय ठरले, ती नौका आपल्या शेजारच्या गोव्यात बांधलेली आहे.

पहिले काम, समुद्रात पोहायला शीक. रंकाळ्यात, पंचगंगेत पोहणारा माणूस लाटेत पहिल्यांदा घाबरतो, म्हणून तारकर्लीला किंवा गोव्याला जाऊन जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सराव कर. त्यानंतर गोव्यात किंवा मुंबईत लहान एकट्याच्या डिंगीवर शीड शिक. मोठ्या नौकेवर चूक लपते, छोटीवर ती लगेच पाण्यात पाडते, म्हणून छोटीवर शिकलेला माणूस वारा गालावर ओळखतो. मग पाच दिवसांचा खलाशाचा आणि पुढे डे स्किपरचा अभ्यासक्रम कर, आणि प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेव. किती मैल, कोणता वारा, सुकाणू कोणाकडे होते. नौका भाड्याने देणारे पुढे तीच वही मागतात.

गाठी मात्र आजपासून सुरू कर. दहा मिलिमीटर जाडीची दोन मीटर दोरी घे. निरगाठ आणि सुरगाठ तुला येत असेल. बोलाइन शीक, जी कितीही ताण आला तरी सरकत नाही आणि ताण गेला की सहज सुटते. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन बांधता आली पाहिजे.

नवाखलाशी

काका, दोरी आजच लक्ष्मीपुरीतून आणली आहे. डोळे उघडे ठेवून जमते, मिटल्यावर फास उलटा पडतो. सराव चालू आहे.

करवीरकन्या

सर्वांचे आभार. आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवस, स्किपरसह कॅटामरान आणि फक्त प्रालँ, क्युरियज, ला दीग असे ठरवले आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ती त्यांनी गगनबावड्याला जाताना घेऊन पाहिली. झोप आली, पण घाट लागला नाही. काल दर्शनासाठी नृसिंहवाडीला गेलो होतो, तेव्हा कृष्णेच्या घाटावर नावाड्याला विनंती करून त्यांना चार वेळा नावेत उतरवले आणि चार वेळा वर घेतले. पहिल्या वेळी त्यांनी सवयीने माझी बोटे धरली. चौथ्या वेळी त्यांनी आपणहून माझे मनगट पकडले, नावेच्या मधोमध पाय टाकला आणि मी सांगायच्या आत खाली बसल्या.